पाकिटावरचा पत्ता

गेल्या आठवड्यात आपण एंड-टू-एंड एन्क्रिप्शन समजून घेतलं. मेसेज तुमच्या फोनवर कुलूपबंद होतो, ज्याला पाठवला त्याच्याच फोनवर उघडतो आणि मधल्या सर्व्हरला तो वाचता येत नाही. मग ॲप निवडताना एवढं एकच पाहिलं की झालं का? माझं उत्तर ‘नाही’ असं आहे.

व्हॉट्सॲपवरचं संभाषण 2016 पासून एन्क्रिप्टेड आहे, तेही सिग्नल या दुसऱ्या मेसेजिंग ॲपवाल्यांनी तयार केलेल्या पद्धतीने. म्हणजे आतलं पत्र दोन्हीकडे सारखंच बंद असतं. फरक पडतो पाकिटावर. कोणी, कोणाला, कधी आणि किती वेळा लिहिलं, याची नोंद कंपनीकडे राहते का? एखादी बाई आठवडाभर रोज रात्री वकिलाला मेसेज करते, एवढं कळलं तरी पुष्कळ कळलं. मजकूर वाचायची गरजच उरत नाही.

याची खरी परीक्षा 2016 मध्ये झाली. अमेरिकेतल्या व्हर्जिनियातल्या ग्रँड ज्युरीने तेव्हा सिग्नल चालवणाऱ्या ओपन व्हिस्पर सिस्टिम्सकडे दोन फोन नंबरांची माहिती मागवली. त्यांतल्या एकाच नंबरावर सिग्नलचं खातं होतं. त्याबद्दल संस्थेला दोनच गोष्टी देता आल्या: खातं कधी उघडलं आणि ते सर्व्हरशी शेवटचं कधी जोडलं गेलं. बाकीचं साठवलेलंच नव्हतं, तर देणार काय! जे जमवलंच नाही ते कोणी मागू शकत नाही, चोरूही शकत नाही. मला सिग्नलवर विश्वास वाटतो तो या कारणासाठी. शिवाय 2018 पासून ते ना-नफा प्रतिष्ठानाच्या हाती आहे, आणि त्यासाठी पाच कोटी डॉलर देणारे ब्रायन ॲक्टन हे व्हॉट्सॲपच्याच दोन संस्थापकांपैकी एक.

टेलिग्रामबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. ते फार खासगी आहे असा आपल्याकडे पुष्कळांचा समज असतो. तिथल्या नेहमीच्या गप्पा एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नसतात, त्या कंपनीच्या सर्व्हरवर राहतात. एंड-टू-एंड कुलूप हवं तर ‘सीक्रेट चॅट’ मुद्दाम वेगळं सुरू करावं लागतं, आणि ग्रुपला ती सोयच नाही. खासगी बोलण्यासाठी मी ते सुचवणार नाही.

सिग्नलची अडचण तांत्रिक नाही. खातं उघडायला फोन नंबर लागतो हे खरं, पण 2024 पासून यूजरनेम घेऊन तो समोरच्यापासून लपवता येतो. अडचण ही की आपली माणसं तिथे नाहीत. सोसायटीचा ग्रुप, मावशी, शाळेतल्या बाई सगळे व्हॉट्सॲपवर. तर ते तिथेच राहू द्या. डॉक्टरांचे रिपोर्ट, वकिलाशी बोलणं, घरातले पैशाचे व्यवहार एवढ्यापुरती दोन-चार जणांना सिग्नलवर आणा.

आणि व्हॉट्सॲप वापरत असाल, तर एक काम आज रात्रीच करा. गूगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउडवर जाणाऱ्या बॅकअपला एंड-टू-एंड कुलूप लावण्याची सोय 2021 मध्ये आली, पण ती आपली आपण सुरू करावी लागते. सेटिंग्जमध्ये चॅट्स, त्यात चॅट बॅकअप उघडा, एन्क्रिप्शन सुरू करा आणि पासवर्ड घरातल्या वहीत लिहून ठेवा. फोन हरवला आणि पासवर्डही विसरलात, तर तो बॅकअप व्हॉट्सॲपलाही उघडता येत नाही.