ऐरणीवरचे आकडे

पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी मी पहिली ऐरण विकत घेतली, त्याला आता सतरा-अठरा वर्षं झाली. गेलो होतो छपाईचे जुने ठोकळे शोधायला. छापखाना हा माझा पोटापाण्याचा धंदा, आणि म्हणून नादही. ठोकळे मिळाले नाहीत. भंगाराच्या ढिगाला टेकून एक काळी, चोचीची ऐरण उभी होती, ती भंगारवाल्यानं वजनावर दिली. साडेएकाहत्तर किलो. तिच्या कुशीवर गंजाखाली काही अक्षरं होती आणि तीन सुटे आकडे : १, १, २०. “काका, अकराशे वीस साल आहे बघा,” तो अगदी गंभीरपणे म्हणाला. मी तेवढा भोळा नव्हतो. मी तो कारखान्याचा अनुक्रमांक धरला. दोघंही चुकलो होतो.

ते वजन होतं. जुन्या इंग्रजी ऐरणींवर पहिला आकडा हंड्रेडवेटचा, म्हणजे ११२ पौंडांचा. दुसरा त्याच्या चौथाईचा, २८ पौंडांचा. तिसरा सुट्या पौंडांचा. माझी ऐरण म्हणजे ११२ अधिक २८ अधिक २०, एकूण १६० पौंड, साडेबहात्तर किलो. याचा अर्थ असा, की कारखाना सोडल्यापासून त्या बाजारापर्यंत तिच्यावर जेवढे घण पडले, त्या सगळ्यांनी मिळून जेमतेम किलोभर लोखंड खाल्लं होतं.

हे मला कळलं तोवर मी माझा पराक्रम करून बसलो होतो. ऐरणीचा माथा मधोमध किंचित दबलेला होता, कडा झडलेल्या होत्या. ओळखीच्या एका वर्कशॉपमध्ये नेऊन मी तो ग्राइंडरवर सपाट करून घेतला. आरशासारखा झाला. आल्यागेल्याला दाखवत होतो. पुढे आकड्यांचा अर्थ लागला तेव्हा सहज पुन्हा काट्यावर चढवली, तर साडेसत्तर. लोहारांच्या पिढ्यांनी जेवढं झिजवलं, तेवढंच मी एका दुपारी घालवलं होतं.

आणि घालवलं ते नेमकं मोलाचं. या ऐरणीचं अंग मऊ घडीव लोखंडाचं असतं. त्यावर साधारण अर्धा इंच जाडीची पोलादी पाटी तापवून, ठोकून एकजीव करतात आणि मग भरपूर पाणी मारून ती कडक करतात. हा कडकपणा वरच्या थरात सर्वांत जास्त. तो थर घासला की एक तर तो जातो आणि घासताना माथा तापला तर उरलेल्याचंही पाणी उतरतं. परीक्षा सोपी आहे. बेअरिंगची पोलादी गोळी दहा इंचांवरून सोडावी. चांगल्या माथ्यावरून ती सात-आठ इंच उसळते. माझ्या आरशावरून ती पाचाच्या वर गेली नाही. दबलेला माथा लोहाराला नडत नाही, उलट वाकलेली पट्टी सरळ करायला तो खळगा कामाला येतो, हेही मला नंतर एका लोहारानंच सांगितलं.

त्या चुकीनंतर मी जाहिरातींकडे वळलो. न्यूयॉर्कहून निघणारं ‘द ब्लॅकस्मिथ अँड व्हीलराइट’ आणि बफेलोचं ‘द अमेरिकन ब्लॅकस्मिथ’ ही लोहारांची मासिकं. त्यांची सुटी, फाटकी पानं मी जमवतो. ऐरणीइतकी ती जड नाहीत, आणि घरच्यांची तक्रारही कमी.

माझ्या ऐरणीवर गंज काढल्यावर ‘पीटर राइट’ हे नाव आलं. इंग्लंडातल्या डडलीचा हा कारखाना. त्याच्या छापात वर्तुळामध्ये ‘सॉलिड रॉट’ असे शब्द असतात. घडीव आणि अखंड, असा तो दावा. अखंड असण्याची एवढी मिजास कशाला, हे कळायला आधीची रीत पाहावी लागते. शेफिल्डच्या माउसहोल फोर्जसारख्या ठिकाणी मधल्या गाभ्याला चोच, शेपूट, पाय असे तुकडे भट्टीत तापवून जोडत. जोड कच्चा राहिला की ऐरण तिथंच तुटे. पीटर राइटनं १८५२ साली पेटंट घेतलं ते हे जोड कमी करण्याच्या पद्धतीचं.

जाहिरात ज्या दोषाचा इन्कार करते, तो दोष बाजारात असतोच असतो. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ट्रेंटन गावी फिशर अँड नॉरिस यांचा कारखाना होता. मार्क फिशरची युक्ती वेगळी. पोलादी पाटीवर बिडाचा रस ओतून तो सगळी ऐरणच ओतीव करी. बीड म्हटलं की लोहाराच्या मनात दोन भित्या : माथा सुटेल, अंग फुटेल. म्हणून यांच्या जाहिरातीत गरुडाच्या चित्राशेजारी हमी ठळक. इंग्रजी ऐरणींशी तुलना होतीच.

फिशरची ऐरण वाजत नाही. घडीव ऐरण घंटेसारखी नाद करते, बिडाची ‘ठक्’ करून गप्प बसते. कंपनीनं या मुकेपणाचाच गुण करून विकला. आपल्याकडे मात्र भंगारवाला आणि लोहार दोघंही ऐरण वाजवून पारखतात. वाजली नाही म्हणजे आत तडा गेला. घडीव ऐरणीपुरतं ते खरं आहे. तीच कसोटी फिशरला लावली तर धडधाकट ऐरण भंगारात निघेल.

छापखानेवाला म्हणून एक इशारा द्यावासा वाटतो. जाहिरातीतल्या चित्रावरून ऐरणीचं वय ठरवू नये. ठोकळा एकदा कोरला की मालक तो वर्षानुवर्षं वापरतो; मीही वापरलेत. मजकूर आणि पत्ता जास्त खरं बोलतात. नावही फसवतं : सीअर्स रोबक ‘अ‍ॅक्मे’ नावानं ऐरणी विकत असे, पण त्या घडवणारे कारखाने दुसरेच. हा गुंता रिचर्ड पोस्टमन यांच्या ‘अँव्हिल्स इन अमेरिका’ (१९९८) या ग्रंथानं बराचसा सोडवला. देशाचं नाव कोरलेलं असेल तर आणखी एक धागा मिळतो, कारण अमेरिकेच्या १८९०च्या मॅकिन्ली कायद्यानं आयात मालावर ते सक्तीचं केलं.

आपला लोहार मुळात बसून काम करणारा. त्याची जुनी ऐरण म्हणजे जमिनीत किंवा लाकडात रोवलेला लोखंडाचा ठोकळा. इंग्रजी ऐरण उभ्यानं काम करणाऱ्याची. ती बसणाऱ्याच्या हाती आली की पाय मातीत पुरले जातात आणि छापही कधी कधी गाडला जातो. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात मी अशी कुशीपर्यंत पुरलेली ऐरण पाहिली. विकत मागितली. लोहारदादा म्हणाले, “भाऊ, ही गेली तर मी बसू कशासमोर?” तेव्हापासून चालत्या भात्यासमोरची ऐरण मी मागत नाही. कागद आणि शिसं घेऊन जातो, ठसा घेतो.

त्यांनी मला खंडेनवमीला बोलावलं, कारण त्या दिवशी भट्टी थंड असते. पूजेच्या आधी दोघांनी मिळून कुशीभोवतीची माती उकरली. मी पाण्यानं धुऊन, कागद लावून शिसं फिरवलं. अक्षरं उमटलीच नाहीत. आकडे उमटले : १, ०, ७.

“म्हणजे किती?” त्यांनी विचारलं.

“एकशे एकोणीस पौंड. चोपन्न किलो.”

ते हसले. “आजा सांगायचा, स्टेशनापासून डोक्यावर आणली म्हणून. आम्ही म्हणायचो, म्हातारा थापा मारतो.” मग त्यांनी तो कागद माझ्याकडून मागून घेतला आणि ऐरणीला हळदकुंकू वाहताना तिच्याशेजारी ठेवला. माझ्या संग्रहात त्या ऐरणीचा ठसा नाही.