आडनावाचा चकवा

क्वेबेकमधल्या फ्रेंच वंशाच्या माणसाला आपला मूळ पुरुष शोधायचा असला की तो आधी आडनाव हाती घेतो, आणि बहुधा तिथेच फसतो. न्यू फ्रान्सच्या, म्हणजे तिथल्या जुन्या फ्रेंच वसाहतीच्या, दफ्तरात आडनावाइतके सैल काहीच नाही; भरवसा ठेवावा तो लग्नाच्या नोंदीवर आणि तीतल्या नवरीच्या माहेरच्या नावावर. १६६५ मध्ये कारिन्यां-सालिएर पलटणीचे बाराशेच्या आसपास शिपाई क्वेबेकला उतरले आणि त्यांतले सुमारे चारशे तिथेच राहिले. फौजेत प्रत्येकाला टोपणनाव असे: कुणी लाफ्लर म्हणजे फूल, कुणी सांसूसी म्हणजे बिनघोर. बंदूक सुटून नांगर हाती आला तरी हे नाव ‘ऊर्फ’ म्हणून मागे चिकटून राहिले. १६७६ मध्ये मारी गोबेयशी लग्न केलेल्या प्येर उदों ऊर्फ बोल्यो याचे वंशज आज काही उदों आहेत, तर काही बोल्यो. ऊर्फनावे फक्त शिपायांचीच होती, असा आक्षेप येईल. तसे नव्हते. कुणाला गावावरून, कुणाला जमिनीवरून, कुणाला अंगलटीवरून ती मिळत. घरातल्या एका मुलाने मूळ नाव चालवावे आणि दुसऱ्याने ऊर्फनाव, यात पाद्र्याला काही वावगे वाटत नसे.

बाईचे नाव मात्र टिकले. ते आदरापोटी टिकले असे मानणे भाबडेपणाचे होईल. त्यामागे वारसाहक्क होता. वसाहतीत पॅरिसचा रूढ कायदा लागू होता. लग्नानंतरची कमाई नवरा-बायकोची सामाईक धरली, तरी बाईला माहेरच्या वारशाने आलेली जमीन तिच्या कुळाचीच राही. ती कोणत्या कुळाची, हे कागदावर असणे म्हणूनच भाग होते. बहुतेक जोडपी नोटरीपुढे करार करत आणि मृत्यूनंतर घरातल्या भांड्याकुंड्यांसकट मालमत्तेची यादी होई; या कागदांतही बाई माहेरच्याच नावाने येते. चर्चच्या नोंदीत वधूवरांच्या आईबापांची नावे असतात, नाते जवळचे असेल तर त्यासाठी मिळालेली सूटही लिहिलेली असते. दुसरेपणाचे लग्न असेल तर बहुधा आईबापांऐवजी आधीच्या जोडीदाराचे नाव सापडते. मग एक लग्न मागे जावे लागते, इतकेच.

यावर कुणी म्हणेल, बायकांची नावे तरी कुठे शुद्ध लिहिली जात? १६६३ ते १६७३ या काळात राजाच्या खर्चाने आलेल्या सुमारे आठशे ‘राजाच्या लेकीं’पैकी अनेकींना सहीसुद्धा करता येत नव्हती; पाद्र्याच्या कानावर पडेल तसे नाव उतरे. आक्षेप खरा आहे. तरी दोन नावे जोडीने पाहिली की चूक फार काळ लपत नाही: जाँ-बाप्तिस्त आणि मारी गावोगाव ढिगाने सापडतील, पण नवऱ्याचे आणि बायकोचे पूर्ण नाव तेच असलेली दुसरी जोडी क्वचितच. बारशाचे नाव एकटे घेतले तर उपयोगाचे नाही, कारण ते बहुधा धर्ममातापित्याचे असे, आणि मूल दगावले तर तेच नाव पुढच्या मुलाला देण्याची रीत होती.

क्वेबेकी वंशाचा अमेरिकन कादंबरीकार जॅक केरुअॅक १९६५ मध्ये पूर्वज शोधायला पॅरिस आणि ब्रिटनीला गेला, तो घराण्यात चालत आलेल्या उमरावी थाटाच्या आडनावावर विसंबून. हाती काही लागले नाही. कॅनडातली त्याची वंशरेषा पक्की होती: ती १७३२ साली काप-सें-इन्यासला लुईझ बर्निएशी झालेल्या लग्नाशी जाऊन थांबते. घोळ होता तो नवरदेवाच्या नावात. केरुअॅकच्या मृत्यूनंतर तीसेक वर्षांनी अभ्यासकांनी ओळख पटवली, तेव्हा तो निघाला ब्रिटनीतल्या उएलगोआच्या नोटरीचा मुलगा, उर्बें-फ्रांस्वा ल बिहां. केरुअॅक हे नाव जमिनीवरून आलेले, आणि तेही त्याने वेळोवेळी निरनिराळे सांगितलेले.

आता माँट्रियल विद्यापीठाने जुन्या नोंदींची कुटुंबवार जुळणी करून ठेवली आहे, डीएनए चाचण्याही आल्या आहेत. मग हा खटाटोप कशाला? पण ती जुळणीसुद्धा जोडप्यांच्याच नावांवर उभी आहे, आणि डीएनए नाते दाखवते, नाव सांगत नाही. १८४० ते १९३० दरम्यान अमेरिकेत गेलेल्या सुमारे नऊ लाख क्वेबेकवासीयांच्या बाबतीत तर याची फारच गरज पडते. तिकडे बुआव्हेरचा ग्रीनवुड झाला, रुआचा किंग. किंग या आडनावाने शोधायला बसलेला माणूस इंग्लंडात जाऊन पोचेल. फ्रेंच पाद्र्याच्या वहीतली आजीच्या लग्नाची नोंद त्याला क्वेबेकच्या गावात नेईल.