सक्तीची सैन्यसेवा: कायदा वाचताना आधी सूट कुणाला ते बघा

पहाटे माढ्याच्या रस्त्याला लागलात तर भरतीची तयारी करणारी पोरं पळताना दिसतील. १६०० मीटर किती मिनिटांत होतं, यावर त्यांचं पुढचं बरंच काही ठरणार असतं. आपल्याकडे सैन्यात जाणं ऐच्छिक आहे, आणि जागांपेक्षा इच्छुक कितीतरी जास्त. म्हणून आपली भरती म्हणजे मुळात गाळणी.

आता दुसरीकडे बघू. कोकणातून गेलेले मराठी भाषक बेने इस्राएली इस्राएलमध्ये लोद, अश्दोद, दिमोना अशा गावांत स्थायिक झाले. त्यांच्या नातवंडांना पळायला जाऊन जागा मिळवावी लागत नाही. सोळा-सतराव्या वर्षी बोलावणं येतं, आरोग्य आणि बुद्धिमत्तेच्या चाचण्या होतात आणि अठराव्या वर्षाच्या सुमारास गणवेश चढतो.

या सेनेचे ढोबळमानाने तीन थर आहेत. पहिला सक्तीच्या सेवेतल्यांचा: पुरुषांना अडीच ते तीन वर्षं, स्त्रियांना साधारण दोन. दुसरा कायम नोकरीवाल्यांचा. हा तुलनेने लहान, आणि यातले बहुतेक अधिकारी पहिल्या थरातूनच वर येतात. तिसरा राखीव दलाचा: सेवा संपवून घरी गेलेला माणूस पुढे कित्येक वर्षं बोलावल्यावर हजर होतो. युद्धात संख्या वाढते ती याच थरामुळे.

इथवर कुणीही सांगेल. संशोधकाचं काम यापुढे सुरू होतं. सक्ती ‘सगळ्यांना’ असेल, तर सुटतं कोण?

विवाहित स्त्रियांना सूट आहे, ती कायद्यातच लिहिलेली. धर्मग्रंथांच्या पाठशाळेत शिकणाऱ्या कर्मठ तरुणांची सेवा १९४८ पासून पुढे ढकलली जात होती. तेव्हा ते सुमारे ४०० होते, पुढे हजारोंच्या घरात गेले. जून २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की या सवलतीला आता कायद्याचा आधार उरलेला नाही. द्रूझ समाजाच्या पुरुषांना १९५६ पासून सक्ती आहे. मुस्लिम आणि ख्रिश्चन अरब नागरिकांना मात्र कायद्याने सूट दिलेली नाही. सेना त्यांना सहसा बोलावतच नाही. म्हणजे नुसता कायदा वाचणाऱ्याला ही सूट दिसणारच नाही!

आपल्याकडेही एक धडा आहे. १९६२ च्या युद्धानंतर, १९६३ मध्ये, कॉलेजच्या विद्यार्थ्यांना एनसीसी सक्तीची झाली आणि १९६८ मध्ये पुन्हा ऐच्छिक. २०२२ च्या अग्निपथ योजनेत सक्ती नाही, पण सेवा चार वर्षांची, आणि कायम होणार जास्तीत जास्त २५ टक्के. थोड्या वर्षांची सेवा सक्तीशिवायही असू शकते, हे यातून कळतं.

म्हणून प्रपोजल लिहिताना तक्त्यात ‘सक्ती: आहे / नाही’ एवढाच रकाना ठेवू नका. चार रकाने करा: किती काळ, कागदावर सूट कुणाला, प्रत्यक्षात बोलावलं कुणाला जात नाही, आणि सेवेनंतर काय. तिसरा रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. कायद्याच्या पुस्तकात तो मिळत नाही, त्यासाठी न्यायालयाचे निकाल, संसदेतली उत्तरं आणि माणसांच्या मुलाखती लागतात.

आणि मुलाखतींची सवय करायची असेल तर सुरुवात घराजवळूनच करा. पहाटे पळणाऱ्या पोरांना विचारा: चार वर्षांनंतर काय करणार?