रेसर सायकल : दोष फ्रेमचा की हूडचा?

वळ गावच्या गोदामांत खोकाबंद माल उतरतो. त्यात वाकड्या हँडलची रेसर सायकल निघाली, तर ती जोडणाऱ्या आमच्या मिस्त्री बंधूंनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. 'हँडल लांब पडते, हात बधिर होतात' असे म्हणत गिऱ्हाईक परत आले की फ्रेमला दोष दिला जातो. पुष्कळदा तो ब्रेक-लिव्हरवरच्या रबरी मुठीचा, म्हणजे हूडचा असतो.

पूर्वी गिअरच्या कळा फ्रेमच्या खालच्या नळीवर असत. १९९० मध्ये जपानच्या शिमानो कंपनीने ब्रेक आणि गिअर एकाच लिव्हरमध्ये आणले. ऑईल ब्रेक असेल तर तेलाचा सिलिंडरही हूडमध्येच बसतो. त्यामुळे काही हूड लांब, काही पुढून उंच. लिव्हर बदलले की फ्रेम तीच, हँडल तेच, पण पंजा सेंटिमीटरभर पुढे जाऊ शकतो.

म्हणून जुने लिव्हर काढण्यापूर्वी सीटच्या टोकापासून हूडच्या खोबणीपर्यंत टेप लावावी, नवे बसवल्यावर पुन्हा लावावी. एक सेंटिमीटर वाढले, तर तेवढाच आखूड स्टेम घालावा. सीट पुढे सरकवू नये. ती पायांच्या हिशेबाने बसवलेली असते, गुडघे दुखू लागतात. हूड वर चढवण्याचा जुगाडही नको, खालच्या वळणावरून ब्रेकला बोटे पुरत नाहीत. लिव्हरवरचा बारीक स्क्रू ब्रेकची पट्टी जवळ आणतो, हूड नव्हे. इथेच अनेकांची गल्लत होते. स्टेम फ्रेमपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो, हे गिऱ्हाईकाला आधीच सांगावे.