केसपेपर कुणाचा?

आपल्याकडचा दवाखाना डोळ्यांसमोर आणा. एक लांबट खोली, मधोमध प्लायवुडचे पार्टिशन, अलीकडे बाके आणि पलीकडे डॉक्टर. हे पार्टिशन सहसा छतापर्यंत जात नाही. पंख्याचा वारा दोन्हीकडे खेळावा म्हणून वर हात-दीड हात जागा मोकळी ठेवलेली असते. वारा खेळतो, तसा आवाजही खेळतो. आतल्या माणसाने 'चार दिवस पोट साफ नाही' म्हटले की बाहेरच्या बाकावरून एरंडेलाची सूचना येते. कंपाउंडर खिडकीतून मोठ्याने विचारतो, "लघवीची बाटली कुणाची आहे हो?" आणि सात-आठ माना एकदम वळतात.

यात एक आपलेपणा आहे, हे मी नाकारत नाही. गेली ३१ वर्षे मी तालुक्याच्या गावात जनरल प्रॅक्टिस करते आहे. बाकावर ओळखी होतात, म्हातारी माणसे औषधापेक्षा गप्पांसाठी येऊन बसतात, कुणाला घेरी आली तर शेजारचा पाण्याचा तांब्या घेऊन धावतो. सर्दी-खोकल्याचे ठीक आहे. पण ज्या दुखण्याने नोकरी, सोयरीक, गावातली पत किंवा घरातले स्थान धोक्यात येते, ते दुखणे घेऊन आलेला माणूस त्या मोकळ्या दीड हाताकडे बघतो आणि गप्प बसतो. हा दीड हात आपल्याला फार महागात पडतो.

मराठीत 'षट्कर्णी' असा एक नेमका शब्द आहे. गोष्ट चार कानांत आहे तोवर गुपित; सहा कानांत गेली की ते फुटलेच म्हणून समजा. डॉक्टर आणि रुग्ण मिळून कान चारच. पण आपल्याकडे रुग्ण एकटा येतो कुठे? सुनेबरोबर सासू असते, मुलाबरोबर बाप, म्हाताऱ्याबरोबर जावई. प्रश्न रुग्णाला विचारावा तर उत्तर सोबतचा माणूस देतो.

एक प्रसंग, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून, सांगते. कॉलेजात जाणारी १९ वर्षांची मुलगी आईबरोबर आली. पोटात खाली एका बाजूला कळ, खांदा दुखतोय, चेहरा पांढराफटक, नाडी जलद. मी मुलीला विचारले, "पाळी कधी आली होती?" आई म्हणाली, "तिची पाळी अगदी वेळच्या वेळी असते, बाई." मुलगी जमिनीकडे बघत राहिली. मी आईला म्हटले, "मला हिला खाटेवर तपासायचं आहे, तुम्ही जरा बाहेर बसा." दार लागल्यावर तोच प्रश्न हळू आवाजात पुन्हा विचारला. दोन महिने पाळी चुकली होती. गर्भ नळीत राहून नळी फुटली की पोटात रक्तस्राव होतो आणि तिथे तासांचा हिशेब असतो. गाडी करून तिला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. रात्रीच शस्त्रक्रिया झाली, मुलगी वाचली. पुढे आईने मला विचारले, "नेमकं काय झालं होतं?" मुलगी सज्ञान होती. मी म्हटले, "ते तिनेच तुम्हाला सांगायला हवं. ती सांगेल तेव्हा हवं तर मी जवळ बसेन."

गुप्तता म्हणजे शिष्टाचार, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. स्टेथोस्कोपसारखे तेही रोगनिदानाचे एक साधन आहे. आपण बोललेले बाहेर जाणार नाही हा भरवसा असेल तरच माणूस खरे सांगतो, आणि खरे कळले तरच निदान बरोबर येते.

आपल्या पूर्वजांना हे पक्के माहीत होते. चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्यकीच्या शिष्याला दीक्षा देतानाचा उपदेश आहे. रुग्णाच्या घरात ओळखीच्या, परवानगी असलेल्या माणसाबरोबरच शिरावे, मान खाली असावी, मन रुग्णाकडेच असावे आणि त्या घरातल्या गोष्टी बाहेर बोलू नयेत, असे त्यात सांगितले आहे. ग्रीकांच्या हिपोक्रेटिसच्या शपथेतही हेच बंधन आहे. वैद्याला घराच्या माजघरापर्यंत प्रवेश मिळतो, तो या अटीवर.

या अटीची किंमत केवढी मोठी असू शकते, याचे उदाहरण मुंबईतच घडले. 'फ्रीडम ॲट मिडनाइट' या १९७५ साली आलेल्या पुस्तकात लॅरी कॉलिन्स आणि डॉमिनिक लापिएर यांनी ते सांगितले आहे. महंमद अली जिनांच्या फुप्फुसांना क्षयाने पोखरले होते. त्याची एक्स-रे फिल्म मुंबईतले त्यांचे डॉक्टर पटेल यांच्या तिजोरीत बंद लिफाफ्यात पडून होती. देशाच्या फाळणीची बोलणी चालू असताना ही गोष्ट बाहेर फुटली नाही. ११ सप्टेंबर १९४८ रोजी जिना गेले. आधी कळले असते तर इतिहास वेगळा झाला असता का, यावर आजही वाद होतात. मला मात्र त्या डॉक्टरांचे आश्चर्य वाटते. समोरच्या माणसाचे राजकारण कोणतेही असो, दवाखान्यात तो रुग्ण होता, आणि एवढेच त्यांनी पाहिले.

आम्हा गावातल्या डॉक्टरांपुढे असे ऐतिहासिक पेच येत नाहीत. आमच्याकडे येतात ते सोयरिकीचे फोन. "डॉक्टर, तुमच्या गावच्या अमक्यांची मुलगी सांगून आली आहे. घर चांगलं आहे. तुम्ही त्यांच्या फॅमिली डॉक्टर ना? मुलीला काही आजार-बिजार?" विचारणारा माणूस सभ्य असतो, त्याची काळजीही खरी असते. पण मुलगी ठणठणीत असली तरीही मी सांगत नाही. का ते पाहा. नऊ मुलींबद्दल 'अगदी छान आहे हो' म्हटले आणि दहाव्या वेळी 'मी काही सांगू शकत नाही' म्हटले, तर त्या गप्प बसण्यातूनच उत्तर मिळाले की! म्हणून निरोगी माणसाबद्दलही गप्प राहायचे, म्हणजे आजारी माणसाचे गुपित त्यात सुरक्षित राहते.

फेफऱ्याच्या, म्हणजे अपस्माराच्या बाबतीत मी हे फार पाहिले. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यातच असे झटके हा लग्नाला अडथळा ठरवला होता. तो शब्द १९९९ साली काढून टाकण्यात आला. कायद्यातून गेला, बैठकीतून अजून गेलेला नाही. परिणाम असा, की गोळ्यांनी झटके आटोक्यात असलेल्या मुली लग्न ठरताच गोळ्या लपवतात, सासरी गेल्यावर बंद करतात आणि मग झटका येतो तो चुलीपाशी नाहीतर विहिरीच्या काठावर. अशा मुलीला मी सांगते, की होणाऱ्या नवऱ्याला तू स्वतः सांग, लग्नाआधी सांग. पण सांगण्याचा हक्क तिचा आहे. तो मी फोनवर कुणाला वाटून टाकू शकत नाही.

मग डॉक्टरने सारेच पोटात ठेवायचे का? नाही. क्षयाचा रुग्ण आढळला तर त्याची नोंद सरकारकडे करणे २०१२ सालापासून खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे. न्यायालयाने विचारले तर वकिलाला जसे अशिलाचे बोलणे गुप्त ठेवण्याचे कायदेशीर संरक्षण आहे, तसे डॉक्टरला नाही. आणि एखाद्या ठरावीक व्यक्तीच्या जिवाला खरोखर धोका असेल तर? १९९८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असाच खटला आला. एका रुग्णाच्या एचआयव्ही संसर्गाची गोष्ट रुग्णालयातून बाहेर गेली आणि त्याचे ठरलेले लग्न मोडले. खासगीपणाचा हक्क आहे, पण तो अमर्याद नाही; होणाऱ्या पत्नीचा जीवही मोलाचा आहे, असे सांगून न्यायालयाने रुग्णालयाला दोषी धरले नाही. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने ही वाट आखून दिली आहे. आधी रुग्णाला समजवा, त्यानेच जोडीदाराला सांगावे यासाठी वेळ द्या. तो सांगणारच नाही आणि जोडीदाराला मोठा धोका आहे असे दिसले, तरच डॉक्टरने जोडीदाराला समक्ष सांगावे. जोडीदाराला! वरपक्षाच्या मामाला नव्हे, कारखान्याच्या मुकादमाला नव्हे.

सरकारी यंत्रणेला कळवणे आणि चव्हाट्यावर मांडणे यांत अंतर आहे. साथ आली की आपण ते विसरतो. पुण्यातल्या प्लेगच्या वेळी, १८९७ साली, सोजिरांनी घरात शिरून जे केले त्याची आठवण अजून सांगितली जाते. २०२० साली सोजीर नव्हते, पण विलगीकरणातल्या माणसांच्या हातांवर शिक्के होते, दारांवर कागद होते आणि बाधितांच्या नावांच्या याद्या मोबाइलवरून गावभर फिरत होत्या. त्या दिवसांत लोक ताप लपवून घरी बसले, कारण त्यांना रोगाइतकेच शेजाऱ्यांचे भय होते. अशी सूचना नसताना रुग्णांच्या घरांवर कागद लावू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितले. तोवर बरीच घरे आतून कडी लावून बसली होती.

आता केसपेपरकडे वळू. तो कुणाचा? कागद दवाखान्याचा असतो, त्यावरची हकीकत रुग्णाची. पूर्वी रुग्णालये 'आमचे रेकॉर्ड आम्ही देत नाही' असे सरळ सांगत. मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ साली ही प्रथा मोडीत काढली. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे दाखल झालेल्या रुग्णाची कागदपत्रे तीन वर्षे जपावी लागतात आणि रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत द्यावी लागतात. म्हणजे रुग्णाला द्यायचे आणि इतरांना द्यायचे नाही. आपल्याकडे कित्येकदा नेमके उलटे चालते! घरच्या सगळ्यांना कॅन्सर झाल्याचे माहीत असते आणि ज्याला झाला त्याला 'आतड्याला सूज आहे' एवढेच. "डॉक्टर, दादांना सांगू नका, ते खचतील," असे मुले हात जोडून सांगतात. त्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण दादा काही दूधखुळे नसतात. कुणाचे देणे फेडायचे, कुणाला भेटायचे, जमिनीचे काय करायचे, हे ठरवण्याचा वेळ त्यांच्या हातून निघून जातो. मी दादांनाच विचारते, "तुम्हाला सगळं जाणून घ्यायचं आहे, की मुलांशी बोलू?" काही जण म्हणतात, "मुलांशी बोला." बरेच जण म्हणतात, "मला कळलंच आहे, तुम्ही फक्त नाव सांगा."

कागदाला निदान कुलूप लावता येई. रद्दीत गेला तरी एखाद्या भेळेच्या पुडीपुरता. आता लॅबचा रिपोर्ट मोबाइलवर येतो, आणि पुष्कळ घरांत तो मोबाइल नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो. सुनेच्या तपासणीचा निकाल सुनेआधी घराला कळतो. जखमेचा फोटो काढून चार डॉक्टरांच्या ग्रुपवर सल्ला विचारला जातो. सल्ला चांगला मिळतो, पण फोटोबरोबर चेहरा आणि नावही जाते. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयाच्या संगणकांवर हल्ला झाला आणि कित्येक दिवस कारभार हाताने लिहून चालवावा लागला. २०२१ पासून आरोग्यखात्याचा १४ आकडी क्रमांक निघाला आहे. त्याने जुनी कागदपत्रे कुठल्याही गावी उघडता येतात, ही मोठीच सोय आहे, मात्र ती रुग्णाच्या संमतीने उघडायची असतात. वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात आले. कायदा हवाच. पण कायदा न्यायालयात असतो. काउंटरवर असतो तो कंपाउंडर.

म्हणून माझ्या दवाखान्यात आम्ही काही साध्या गोष्टी केल्या. पार्टिशन छताला भिडवले आणि आत वेगळा पंखा लावला. बाटल्यांवर नावाऐवजी क्रमांक आला. नोंदवही काउंटरवर उघडी राहत नाही. रिपोर्ट कुणाच्या मोबाइलवर पाठवायचा ते रुग्णालाच विचारतो, आणि तो रुग्णाच्याच हाती देतो, 'शेजारीच राहतो, मी नेतो' म्हणणाऱ्याच्या नाही. आणि कोणीही आले तरी पाच मिनिटे रुग्णाशी एकट्याने बोलायचे, हा नियम सरसकट सगळ्यांना. सरसकट असल्यामुळे सासूबाईंनाही राग येत नाही. या सगळ्याला एका फ्रिजच्या किमतीइतकाही खर्च आला नाही.

आपणही थोडे करू शकतो. डॉक्टरांना 'मला जरा एकट्याने बोलायचं आहे' असे म्हणण्यात संकोच नको. आपल्या कागदांच्या प्रती मागून घरी नीट ठेवाव्यात. कुणाचा रिपोर्ट चुकून आपल्याकडे आला, तर न उघडता परत द्यावा. आणि मेडिकलच्या दुकानात किंवा एसटी स्टँडवर ओळखीच्या माणसाच्या हातात औषधांची पिशवी दिसली, तर 'काय झालंय?' असे विचारू नये. 'बरं आहे ना?' एवढेच विचारावे. उत्तर किती द्यायचे, ते त्याला ठरवू द्यावे.