घरकुलाची वाळू बाटलीत तपासा

घरकुलाचा हप्ता पडला की पहिली धावपळ वाळूची. शासनाच्या २०२५ च्या धोरणात घरकुलाला ५ ब्रासपर्यंत वाळू मोफत आहे. पण फुकटची असो की विकतची, पारखूनच घ्या.

कयाधूची मूठभर वाळू तळहातावर पसरा. काळे कण आपल्याच डोंगरातल्या काळ्या दगडाचे, बेसाल्टचे. हा दगड लाव्हा थिजून झालेला. पांढरे, चकाकणारे कण गारगोटीचे. ती त्याच दगडाच्या पोकळ्यांत सापडते. गारगोटी सहसा कुजत नाही, काळा दगड मात्र कुजून त्याची काळी माती होते. आपली रानं त्याच मातीची. म्हणून वाळूसोबत तीही येते.

कणांवर माती चिकटलेली असली की सिमेंट नीट धरत नाही, गिलाव्याचे पोपडे सुटतात. मिस्त्री हसला तरी हे कराच: काचेच्या सरळ बाटलीत निम्मी वाळू, वर पाणी, चिमूटभर मीठ. जोरात हलवा, तीन तास ठेवा. वाळू तळाला बसते, तिच्यावर गाळ. गाळाचा थर वाळूच्या थराच्या बाराव्या हिश्शाहून जाड दिसला, तर वाळू धुवा, वाळवा आणि पुन्हा बाटलीत बघा.