पेवांतील वायु व दिव्याची परीक्षा

पेव उघडल्यावर लगेच आंत उतरूं नये, असें आपल्याकडील वडील माणसें पिढ्यानपिढ्या सांगत आलीं. परंतु कां उतरूं नये, हें ठाऊक नसल्यामुळें घाईच्या वेळीं ती सूचना मोडली जाते. महसूल खात्याच्या नोकरींत असतां अशा एका प्रसंगीं आम्हांस पंचनाम्यास हजर राहावें लागलें. एक गडी धान्य काढण्यास उतरला तो खालीं कोसळला; त्यास काढावयास त्याचा भाऊ उतरला, तोही तेथेंच पडला. लोक म्हणाले, पेवानें दोन बळी घेतले. खरें पाहतां तेथें भूत नव्हतें, वायु होता.

वायूस स्वतःचा आकार नसतो. मिळेल ती सर्व जागा तो व्यापतो. म्हणून रिकामें दिसणारें पेव वस्तुतः रिकामें नसतें. तसेंच वायूस वजन असतें. एक घनमीटर साधी हवा सुमारें १.२ किलो भरते, तर तितकाच कर्बाम्ल वायु, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, सुमारें १.८ किलो भरतो.

आतां पेवांत काय घडतें तें पाहूं. दाणे, कीड व बुरशी हीं सर्व श्वासोच्छ्वास करितात. बंद जागेंत प्राणवायु संपत जातो व कर्बाम्ल वायु वाढत जातो. त्यामुळेंच कीड मरते व धान्य टिकतें. ज्या गुणाकरितां आपण पेव राखितों, तोच गुण माणसास घातक होतो! दोन वायु कालांतरानें एकमेकांत मिसळतात हें खरें. परंतु पेवाचें तोंड अरुंद, आंत वारा नाहीं, आणि तळाशीं नवा वायु होतच असतो. म्हणून जड वायु तळाशीं सांचून राहतो. जुन्या कोरड्या विहिरींतही असें घडतें.

ह्याचा प्रत्यय घरींच घ्यावा. खोल पातेल्यांत खाण्याचा सोडा घालून त्यावर लिंबाचा रस पिळावा. फेस ओसरल्यावर पेटती मेणबत्ती तारेनें आंत सोडावी. कांहीं खोलीवर ती विझेल.

साध्या हवेंत शंभरांत २१ भाग प्राणवायु असतो. तो सुमारें १६ वर आला कीं ज्योत विझते. म्हणून दोरीनें कंदील तळापर्यंत सोडण्याची चाल शहाणपणाची आहे. दिवा विझल्यास कोणीही उतरूं नये. मात्र दिवा जळला म्हणजे सर्व निर्धास्त, असेंही समजूं नये. विहिरींत डिझेल इंजिन चालविल्यास कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु जमतो. त्यास वास नाहीं व दिवाही त्याची सूचना देत नाहीं. गोबरगॅसच्या खड्ड्यांत तर दिवा नेल्यास स्फोट होईल. वायु मोजण्याचें यंत्र मिळाल्यास तेंच उत्तम.

उपाय साधे आहेत. पेवाचें तोंड पुष्कळ वेळ उघडें ठेवावें. पंख्यास नळी जोडून ताजी हवा तळाशीं सोडावी. पुन्हां परीक्षा करावी. उतरणाराच्या कमरेस व खांद्यांस दोर बांधून वर दोन बळकट माणसें उभीं करावीं. आंतला मनुष्य पडल्यास दोरानेंच ओढावा. त्याच्यामागें दुसऱ्यानें उतरूं नये. त्या भावाचा जीव मायेनेंच गेला.

पेव मालकाचें असतें, उतरतो बहुधा गडी. म्हणून हा मजकूर आपल्या गड्यांस वाचून दाखविणें हें मालकाचें कर्तव्य होय.